चाळीस पावलांची तार

आमच्या बेटावरच्या पांगाय गावात असं एकही मोठं छत नसेल, ज्याच्या आत माझा सोआकाय मामा पोटावर सरपटत गेलेला नाही. शाळा, पोस्ट, हॉस्पिटल, चर्चचं ऑफिस, सगळीकडच्या तारा त्यानं ओढलेल्या. कुणी बंद पडलेलं काही घेऊन आलं, की हात पुसत तो एकच विचारायचा, "वीज बघितलीस का?" दहातले आठ जण तिथेच शरमून परत जायचे. मी शाळेत चौथीचा वर्ग घेते, आणि माझी पोरंसुद्धा पेन चालेना झालं की एकमेकांना हेच विचारतात.

मामा आमच्या मागच्या घरात राहतो. मामी ऑकलंडला मुलांकडे गेली ती नातवंडांतच रमली. पुढच्या घरात मी आणि माझी आई, आकोसिता. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी परतली, तेव्हापासून हा असाच संसार आहे. दोन घरांमध्ये चाळीस पावलं, एक ब्रेडफ्रूटचं झाड आणि मामाची डुकरं.

या चाळीस पावलांची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे बहीण-भाऊ वयात आले की एका खोलीत बसत नाहीत. भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्यासमोर चेष्टामस्करी करत नाही, बोलायचं तर मोजकं आणि आदरानं. हल्लीची पोरं एका सोफ्यावर बसून सिनेमे बघतात, त्यांचं सोडा. मामा जुन्या वळणाचा, त्यातून चर्चमध्ये प्रवचन करणारा. अंगणात येतानाही तो आधी दोनदा खाकरणार, म्हणजे आईला कळावं. रताळ्यांच्या वाफ्यातलं पहिलं रताळं, जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा, आधी ताईच्या घरी. पण दारापर्यंत. आत न्यायला मी.

निरोपालाही मीच. "आईला म्हणावं, छपराचा पत्रा उद्या बसवतो." "मामाला म्हणावं, पाठ दुखत असेल तर चढू नका." चालायला लागल्यापासून मी त्या दोघांचा फोन आहे, आणि मला कुणी कधी पगार दिला नाही. त्याबदल्यात एक मात्र आहे. आमच्या रीतीनं भाचीचा मामावर हक्क असतो. मामाचं काहीही मला आवडलं, की मी "हे माझं" म्हणायचं आणि त्यानं द्यायचं. त्याचा चांगला टॉर्च, दोन कोंबड्या आणि एक जवळजवळ नवी सायकल मी अशीच घेतलेली आहे. त्यानं कधी हूं की चूं केलं नाही.

टेलिफोन ऑफिसनं जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा जन्मभर तिथे नोकरी केलेल्या मामाला केक कापून घरी पाठवलं. वर्षभर तो डुकरांशी बोलत बसला. मग हॉस्पिटलात नवे फोन बसवायला राजधानीहून एक इंजिनिअर पोरगा आला. त्याला छतातल्या वाटा माहीत नव्हत्या, म्हणून मामाला बोलावणं आलं. शिडीवर चढलेल्या मामाला पोरगा खालून समजावत होता, "काका, या फोनांना प्लग नसतो. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज जाते. हा डबा देतो."

"किती व्होल्ट?"

"अठ्ठेचाळीसच्या आसपास."

मामा इतका हसला की पोराला शिडी धरावी लागली. "अरे, आमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या अठ्ठेचाळीसच्याच. सगळ्या बेटाचे फोन तारेतूनच जेवायचे. वादळात गावात दिवा नसायचा, पण फोन वाजायचा. मधली वीस वर्षं तुम्ही विसरलात, एवढंच."

पण एक गोष्ट नवी होती आणि मामाला ती फार आवडली. जुनी बॅटरी कुणाला न विचारता तारेत वीज सोडायची. हा डबा आधी हळूच चाचपतो, पलीकडे कोण आहे, वीज चालेल का, किती लागेल. तिकडून बरोबर उत्तर आलं तरच वीज देतो आणि त्या तारेचा हिरवा दिवा लावतो. घरी येऊन मामा मला म्हणाला, "चांगल्या घरातला डबा आहे. खाकरल्याशिवाय आत जात नाही."

काम संपल्यावर उरलेला एक छोटा डबा आणि दोन फोन त्या पोरानं मामाला बक्षीस दिले. ते मामाच्या कामाच्या शेडमध्ये फडक्यात गुंडाळून पडून राहिले.

मग आईला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं संथ झालं, पण शब्द स्पष्ट होते. हॉस्पिटलच्या डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयही दमलंय, राजधानीला नेऊन हाल करू नका, घरीच ठेवा. दिवस विचारले तर त्या म्हणाल्या, आठवड्यांत मोजा. मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो डुकरांना नारळ फोडून घालत होता. त्यानं राहिलेले सगळे नारळ फोडले.

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या खिडकीबाहेर, भिंतीला पाठ लावून बसायला लागला. आत बघायचं नाही, मान अंगणाकडे. मी आतून सांगायची, "आई म्हणते, पेज प्यायली." तो मान हलवायचा. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तेलेसिया, तू फार गाळून सांगतेस. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मोबाईल देऊन पाहिला. त्या गुळगुळीत काचेवर आईचं डावं बोट कुठेही पडायचं, एकदा तर तिनं पोलीस चौकीला फोन लावला. शिवाय तो चार्ज करायचा कुठे? खोलीत प्लगची जागा एकच, आणि तिथे ऑक्सिजनचं मशीन. नवी जागा काढायची तर मामानं आत यायला हवं.

मंगळवारी शाळेतून आले तर मामा आमच्या भिंतीला बाहेरून भोक पाडत होता. शेडपासून झाडाखालून निळी केबल आणून पाइपात घालून पुरलेली. टोकाला आठ बारीक तारा रंगानं लावून, चिमट्यानं दाबून प्लॅस्टिकचं नाक बसवलेलं.

"आत जा," तो भिंतीवरची नजर न काढता मला म्हणाला, "आणि टोक येईल ते धर."

आतून मी ओढली, बाहेरून त्यानं ढकलली. फोन मी आईच्या डाव्या हाताशी, खुर्चीवर ठेवला. टोक मागे घातलं. टक् झालं. क्षणभर काही नाही, आणि मग फोनचा चौकोनी पडदा उजळला.

"याची विजेची तार कुठाय?" आईनं विचारलं.

"याच तारेत आहे, आई. मामाच्या शेडमधून येते."

"म्हणजे मी बोलणार ते त्यांच्या विजेवर?"

"पहिल्यापासून सगळं त्यांच्याच जिवावर चाललंय आपलं," मी म्हटलं, आणि फोन वाजला.

आईनं डाव्या हातानं रिसीव्हर उचलला. मग माझ्या आईनं, जिला मी उभ्या जन्मात घरातल्या आवाजाशिवाय दुसरा आवाज काढताना ऐकलं नव्हतं, एकदम मऊ, आदबशीर सूर लावला, "नमस्कार. कोणता नंबर हवा आपल्याला?"

रिसीव्हरमधून मामाचं दोनदा खाकरणं मलाही ऐकू आलं.

त्या सुरामागची गोष्ट मला माहीत होती, कारण ती सगळ्या गावाला माहीत होती. टेलिफोन ऑफिसात शिकाऊंची भरती निघाली तेव्हा आई वीस वर्षांची होती आणि मामा सतरा. एका घरातून एकालाच घेणार. परीक्षेत आई पहिली आली, मामा चौथा. ऑपरेटर होण्यासाठी आई सहा महिने केळीच्या देठाचा रिसीव्हर करून "कोणता नंबर हवा" घोकत होती. पण साहेबांसमोर तिनं सांगितलं की तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला होता, तेव्हा कान गेला. मग जागा मामाला मिळाली. तेव्हापासून गावात कुणीही आईशी बोलायला तिच्या उजव्या बाजूला बसतं. चर्चमध्ये ती बाकाच्या डाव्या टोकाला, भिंतीशी बसायची. मीसुद्धा गुपित सांगायची ते उजव्या कानात.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार रोज सकाळी चर्चच्या पहिल्या घंटेला फोन वाजायचा. बोलायचे काय, तर डुकरीण व्याली, पत्रा गळत नाही ना, आपली झोप झाली का. दोघं एकमेकांना 'आपण, तुम्ही' करायचे, जणू मंत्र्यांची भेट. मी पेज घेऊन दारात थांबायची. आई बोलता बोलता हसायची, आणि ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मला थोडा रागच आला. चाळीस पावलांची तार पुरायला दोन माणसांनी सगळं आयुष्य घालवावं, आणि तेही डॉक्टरीण बाईंनी आठवडे मोजून दिल्यावर.

शनिवारी दुपारी मामानं मला शेडमध्ये बोलावलं. टेबलावरचा डबा चालू होता, दोन हिरवे दिवे. एक त्याच्या फोनचा, एक आईच्या. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "ताई रिसीव्हर कुठल्या हातात धरते?"

"डाव्या. उजवा कुठे चालतो तिचा?"

"आणि लावते कुठल्या कानाला?"

"डाव्याच," मी म्हटलं, आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चार दिवस मी समोर उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"मी मुद्दाम हळू बोललो आज," मामा म्हणाला. "अगदी पुटपुटलो. शब्द न् शब्द ऐकला तिनं."

तो बराच वेळ पक्कड उघडत-मिटत राहिला. मग फोन उचलून त्यानं आईला एवढंच सांगितलं, "ताई, उद्या पहिल्या घंटेला आपल्याशी एक बोलायचंय." आई म्हणाली, "बरं." मी निघाले तेव्हा तो शेड आवरत होता.

रविवारी आई उजाडल्यापासून फोनकडे बघत होती. मी तिचे केस विंचरले, स्वच्छ कपडे घातले. रात्रीपासून तिचा श्वास लागला होता, ओठ निळसर दिसत होते. तिनं मशीनची नळी सरळ करून घेतली. पहिली घंटा झाली. फोन वाजला नाही.

घंटा संपली तरी नाही. आई म्हणाली, "तू लाव." मी रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही, नुसती शांतता. पडदा काळा.

"त्यांना काहीतरी झालंय," आई म्हणाली. "रात्री मरून पडले असतील एकटे. जा."

मी चर्चचे कपडे आणि त्यांवर रीतीनं कमरेला गुंडाळलेली चटई सावरत अंगणातून पळाले. मामा शेडमध्ये स्टुलावर बसला होता. काळा कोट, टाय, पायात चकचकीत बूट. रिसीव्हर कानाला घट्ट धरलेला, चेहरा राखेसारखा. मला बघून तो उठला नाही.

"ताई गेली ना?" तो म्हणाला. "तू सांगायला आलीस."

"ती म्हणते तू गेलास. मला बघायला पाठवलंय."

त्यानं डोळे मिटले आणि त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा बाहेर आला. मी मामाला रडताना कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी टेबलाकडे बघितलं. डब्यावर एकही दिवा नव्हता.

"मामा, वीज बघितलीस का?"

त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडे मान वळवली. मोठं बटण खाली, म्हणजे बंद होतं. सेहेचाळीस वर्षं दर शनिवारी तो शेड बंद करताना ते बटण पाडतो, रविवारी काम करणं आमच्याकडे पाप, म्हणून कामाच्या कुठल्याही वस्तूत जीव नको. काल हातानं आपणहून पाडलं. फोन आला तो मंगळवारी, हा त्याचा पहिला शनिवार होता.

"माझ्याच हातानं," तो म्हणाला. "तिचं बोलणं माझ्याच हातानं बंद केलं."

"मग कर चालू."

त्यानं हात वर नेला, बटणापर्यंत नेला आणि खाली घेतला. "रविवार आहे, तेलेसिया. हा कामाचा बोर्ड आहे."

मला हसावं की ओरडावं कळेना. पहाटे याच माणसानं याच हातांनी उमूचे, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचे, दगड तापवून, अळूच्या पानांत मांस बांधून जेवण जमिनीत पुरलं होतं. तेव्हा रविवार नव्हता? मग त्याचे डोळे दिसले आणि माझा राग गेला. तो बटणाला घाबरला नव्हता. चालू झालं की बोलावं लागणार होतं.

"मामा," मी म्हटलं, "हा डबा मला आवडला. हा माझा."

तो बघतच राहिला.

"बोर्डही माझा. दोन्ही फोन माझे, तार माझी. हक्कानं घेतेय. नाही म्हणायची सोय आहे का तुला?"

"नाही," तो म्हणाला.

मी बटण वर केलं. डबा जागा व्हायला दोनेक मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं आम्ही मामा-भाची नुसते दिवे बघत उभे होतो. आधी पिवळा लुकलुकला. मग मामाच्या फोनचा हिरवा. आईच्या तारेचा दिवा काही केल्या लागेना. मामा पुटपुटला, "विचारतोय. उत्तर येऊ दे." आणि मग तोही लागला.

मामानं नंबर लावला, पलीकडे आईनं लगेच उचलला. मामा उभा राहूनच बोलला, टाय नीट करून.

"ताई, ती जागा आपली होती."

तो पुढे बोलत राहिला. "आपला कान चांगला आहे. आपण साहेबांशी खोटं बोललात. मी खांबावर चढलो, घर बांधलं, पोरं शिकवली, सगळं आपल्या जागेवर बसून. आणि मी आपल्याला एकदाही…" इथे त्याला पुढचं येईना. "मालो, ताई," तो म्हणाला. आमच्याकडे उपकाराला एवढाच शब्द आहे. तो त्यानं तीनदा म्हटला.

मग आईचा आवाज आला. शेड एवढी शांत होती की मला सगळं ऐकू आलं.

"सोआकाय," ती सावकाश म्हणाली, "खोटं बोलणं सोपं होतं. सेहेचाळीस वर्षं बहिरं राहणं अवघड गेलं. चर्चमध्ये भिंतीला टेकून टेकून माझा खांदा गेला." ती दम घ्यायला थांबली. "ऑपरेटर झाले असते तर खुर्चीत बसून लोकांची भांडणं ऐकली असती. तुम्ही मात्र ऑफिस नसतं तर बाबांबरोबर होडीवर गेला असता. तुम्हाला पोहता येत नव्हतं. मला तेवढंच दिसत होतं."

मामाला खरंच पोहता येत नाही. अजूनही.

"आणि उमूतून जळका वास येतोय," आई म्हणाली. "त्या पोरीला पाठवा."

त्या सोमवारी मामानं ट्रकच्या चार जुन्या बॅटऱ्या आणून डब्यामागे जोडल्या, म्हणजे बटण पडो की गावाची वीज जावो, दिवा जाऊ नये. बटणावर चिकटपट्टीही लावली. आई त्यानंतर एकोणीस दिवस होती. ते दोघं तासन्तास बोलायचे. काय ते मी सांगणार नाही, कारण मी दार लावून घ्यायची. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी गरज नव्हती, आणि मला ते बरं वाटलं.

ती गेली तेव्हा सगळं गाव आलं. आईला पुढच्या खोलीत बारीक विणीच्या चटयांवर ठेवलं होतं, बायका उशा-पायथ्याशी बसून गात होत्या. बहिणीच्या मयताला भावाची जागा मागे, चुलीशी. मामा सुतकाची फाटकी मोठी चटई कमरेला गुंडाळून धुरात उभा होता, दोनशे माणसांचं जेवण करत. त्यानं आत यायचं नाही, तोंड बघायचं नाही. त्यानंही विचारलं नाही.

दुपारी बायका जेवायला उठल्या तेव्हा मी आतल्या खोलीतून फोन आणला. निळी तार दारापर्यंत पुरली, मग थोडी ओढली तशी चटईपर्यंतही पुरली. मामानं टोकाला जास्तीची गुंडाळी सोडून ठेवली होती, चांगला कारागीर ठेवतोच. मी शेडचा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. खिडकीतून मला दिसलं, धुरातून एक माणूस फाटकी चटई सावरत शेडकडे गेला.

त्यानं उचलला. "कोण?"

"मामा, मी आता बोलणार नाहीये," मी म्हटलं. "तू बोल."

आणि मी रिसीव्हर आईच्या डाव्या कानाशी ठेवला.